शिवाराची नोंदवही : प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या बहुतेक प्राथमिक शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भातल्या थोड्या उशिराने. पाठ्यपुस्तके वाटली जातात, पहिलीच्या मुलांचे स्वागत होते आणि त्याच दिवसांत पाऊस पहिल्यांदा जमिनीत मुरतो. ओल धरलेल्या मातीवर मखमली लाल रंगाचे मृगाचे किडे फिरू लागतात. कुणीतरी मूल त्यातले चार-पाच काडेपेटीत घालून वर्गात आणतेच. त्या वेळी गुरुजी किंवा बाई काय बोलतात, यावर त्या मुलाचे परिसराशी पुढे कसे नाते जुळेल हे बरेचसे ठरते. ‘टाक ते बाहेर’ म्हटले की विषय तिथेच संपतो. ‘कुठे सापडले? उघड्यावर की झाडाखाली? काल होते का? परवा असतील का?’ असे विचारले की अभ्यास सुरू होतो. मृगाचा किडा वर्षातला बहुतेक काळ मातीत काढतो, पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस वर येतो आणि बारीक कीटक व त्यांची अंडी खातो, हे शिक्षकाला आधीपासून ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. तो थोडेच दिवस दिसतो, एवढे तर आठवडाभर रोज बघितल्यावर मुलांनाच कळते. बाकीचे पुस्तकातून मिळते. काडेपेटीतले किडे जिथे सापडले तिथे नेऊन सोडायचे, हाही त्याच पाठाचा भाग आहे.

पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी हे पुस्तक आहे. शाळेपासून पायी जाता येईल एवढ्या परिसरातले सजीव मुलांनी वर्षभर कसे पाहावेत, पाहिलेले कसे लिहून ठेवावे आणि त्या लिहिलेल्यातून संरक्षणाचे खरे काम कसे उभे राहावे, हा त्याचा विषय. सारे पुस्तक एका म्हणण्यावर उभे आहे, ते आरंभीच सांगतो. वन्यजीवांचे संरक्षण प्राथमिक शाळेत शिकवायचे असेल तर त्याचा पाया सातत्याने केलेली नोंद हा आहे. ज्या जिवाला मूल ओळखत नाही, त्याच्याविषयी त्याने प्रतिज्ञा घेतली तरी ती तोंडावरच राहते. ओळख व्हायला पुन्हा पुन्हा भेटावे लागते. पुन्हा पुन्हा भेटल्याचा पुरावा म्हणजे नोंद.

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली पाड्यांवरची मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली; कुरणशाळा या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच तिथली शैक्षणिक साधने होती. मोजणी शिकायची ती बियांवर, आकार ओळखायचे ते पानांवर. त्याआधी १९३७मध्ये वर्ध्याला मांडली गेलेली नई तालीमही शिक्षण हातच्या कामाशी आणि भोवतालाशी जोडू पाहत होती. परिसर हे शिक्षणाचे साधन आहे, हे महाराष्ट्राच्या मातीत तीन पिढ्यांपूर्वीच करून दाखवले गेले आहे. आज त्यात भर घालायची आहे ती एवढीच, की साधन म्हणून वापरलेला परिसर आता स्वतःच धोक्यात आहे. म्हणून त्याच्याकडून शिकताना त्याला राखायलाही शिकले पाहिजे.

कायदा आणि धोरण यांचे पाठबळही कमी नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पर्यावरणाची जाणीव लहान वयापासून निर्माण करण्यावर भर दिला. एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा शिक्षणातला अनिवार्य विषय करण्यासंबंधी निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा डिसेंबर २००३मध्ये न्यायालयाने एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमाला धरून तो सर्व राज्यांत लागू करण्यास सांगितले. दरम्यान २००१पासून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शाळांमध्ये राष्ट्रीय हरित सेनेची मंडळे सुरू केली होती. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आलेल्या एनसीईआरटीच्या ‘आसपास’ या पुस्तकांनी तिसरी ते पाचवीसाठी विज्ञान आणि समाजशास्त्र यांच्यातली भिंत काढून टाकली. आपल्याकडे याच इयत्तांना ‘परिसर अभ्यास’ आहे. राज्यात २०२४पासून ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाला, म्हणजे आठवड्यातला एक दिवस वर्गाबाहेर जाण्यासाठी हाताशी आला. तरतूद आहे, पुस्तक आहे, वेळही थोडाफार आहे.

मग अडते कुठे? शाळेतले बहुतेक पर्यावरणविषयक उपक्रम दिनविशेषांना बांधलेले असतात, तिथे अडते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव, ऑक्टोबरच्या आरंभी वन्यजीव सप्ताह, २० मार्चला चिमणी दिन, २२ एप्रिलला वसुंधरा दिन. पाच जूनचा जागतिक पर्यावरण दिन तर आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुटीतच येतो. त्या त्या दिवशी प्रभातफेरी निघते, घोषवाक्ये लिहिली जातात, रोप लावताना छायाचित्र निघते, अहवाल केंद्रशाळेत जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा गणिताकडे वळतो. शिक्षक हे मनापासून करतात, मुलांनाही आनंद मिळतो. पण सजीवांचे वेळापत्रक या दिवसांशी जुळत नाही. चिमणीचे घरटे एका दिवसात बांधून होत नाही. लावलेल्या रोपाची खरी परीक्षा जुलैत होत नाही, ती मार्च-एप्रिलमध्ये होते. एका दिवसाच्या उपक्रमात मूल सहभागी होते. जबाबदार मात्र होत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याने तिथे जायचे असे काही ठरलेले नसते.

म्हणून या पुस्तकातला सर्वांत साधा उपक्रम आधी सांगतो. शाळेच्या आवारातले किंवा वाटेवरचे एक झाड निवडायचे आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच्याकडे जायचे. कोवळी पाने आहेत का, जून पाने किती गळली, कळ्या, फुले, कच्ची फळे, पिकली फळे आहेत का, एवढेच बघून लिहायचे. सीझनवॉच या देशव्यापी उपक्रमात केरळमधल्या अनेक शाळांतली मुले हेच काम करतात आणि त्यांच्या नोंदी झाडांच्या ऋतुमानाच्या अभ्यासाला उपयोगी पडतात. आपल्याकडे पळस, सावर, बहावा, कडुलिंब, चिंच, आंबा यांपैकी एक तरी झाड शाळेजवळ नाही असे गाव विरळाच. सावर फेब्रुवारीत फुलली की तिच्या लाल फुलांवर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी, कोतवाल आणि खारी यांची दाटी होते. झाडाची नोंद करणारी मुले त्या दाटीकडे आपोआप वळतात. एका झाडाला धरून वर्ष काढले की त्या झाडावर जगणाऱ्यांची यादी तयार होते. आणि ते झाड तोडले तर कुणाकुणाचे घर मोडेल, हे मुलांना कुणी सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण सुगरणीचे. पाऊस सुरू झाला की विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला तिचे खोपे लटकू लागतात. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे हा पक्षी मराठी मुलांना न पाहताही माहीत असतो. प्रत्यक्ष बघायला नेले तर त्यांच्या लक्षात येते की डोक्यावर पिवळी टोपी असलेला नर खोपा विणतो आहे. तो गवताच्या ओल्या, लांब पट्ट्या चोचीने फाडून आणतो, फांदीला पक्की गाठ मारतो, आधी कडे विणतो, मग वरचा घुमट. अर्धवट विणलेल्या खोप्याशी मादी येते, तपासते आणि पसंत पडला तरच तिथे राहते. मग नर पुढची लांब नळी पूर्ण करतो, आणि बऱ्याचदा शेजारी दुसरा खोपा सुरू करतो. काही खोपे अर्धेच राहतात. ते का राहिले, असा प्रश्न मुले विचारतात आणि त्यांना निवड ही गोष्ट कळते. कविता यामुळे उणी होत नाही. कवितेने पक्ष्याविषयी माया दिली, निरीक्षणाने त्याची रीत दाखवली. मुलाला दोन्ही मिळायला हवे. आता त्याच विहिरीवर किती खोपे होते याची नोंद तीन वर्षे ठेवली आणि चौथ्या वर्षी ती बाभूळ रस्त्याच्या कामात जाणार असेल, तर शाळेच्या हाती बोलण्यासारखे काही आहे. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ग्रामसभेत आणि या समितीपुढे मुलांच्या वह्यांचे स्थान मोठे आहे, कारण गावाच्या शिवाराची सलग अनेक वर्षांची माहिती इतकी नेमाने दुसरे कुणी लिहीत नसते.

मुलांनी केलेल्या कामाने खरोखर वन्यजीव वाचतात का, हा प्रश्न अनेक पालक आणि काही अधिकारीही विचारतात. त्याचे उत्तर देणारी दोन ठिकाणे मला महत्त्वाची वाटतात. पहिले रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड तालुक्यातले वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते २००२मध्ये समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या माद्या रात्री वाळूत खड्डा करून एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. ही अंडी माणसे काढून नेत, कुत्री-कोल्हे उकरत. तेव्हापासून गावातल्या माणसांच्या मदतीने घरटी शोधून अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवणे आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर आली की त्यांना समुद्राकडे जाऊ देणे सुरू झाले. २००६पासून तिथे कासव महोत्सव भरतो. पूर्वी अंडी काढणारे गाव आज अंडी राखते. किनाऱ्यावर वाढणाऱ्या मुलांना आता कासव म्हणजे काय हे पुस्तकात शोधावे लागत नाही. वाळूच्या उबेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, ही विज्ञानातली अवघड वाटणारी गोष्ट तिथे गावाच्या रोजच्या बोलण्यात येऊ शकते.

दुसरे ठिकाण महाराष्ट्रापासून खूप दूर आहे, पण ते टाळता येत नाही. नागालँडमधल्या वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाजवळ पांगती नावाचे गाव आहे. सायबेरिया आणि उत्तर चीनकडून आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे जाणारे अमूर ससाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे प्रचंड संख्येने विसाव्याला उतरतात. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये जाळी लावून त्यांची लाखाच्या घरात शिकार होत असल्याचे बानो हरालू, शशांक दळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगासमोर आणले. पुढच्या हंगामापर्यंत तिथल्या ग्रामपरिषदांनी, चर्चने, वनखात्याने आणि संस्थांनी मिळून शिकार थांबवली. या कामाचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे पांगती आणि शेजारच्या गावांत मुलांसाठी सुरू केलेली निसर्गमंडळे. आपल्या गावावरून जाणारा हा पक्षी वर्षभरात साधारण बावीस हजार किलोमीटरचा प्रवास करतो, हे मुलांना कळले. २०१३मध्ये ज्या तीन ससाण्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, त्यांतल्या एकाचे नाव पांगती ठेवले गेले. शिकार एकट्या मुलांनी थांबवली असा दावा कुणी करू नये. मोठ्यांचा निर्णय, त्यांच्या उत्पन्नाची अडचण आणि कायदा या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. पण थांबलेली शिकार थांबलेलीच राहावी यासाठी पुढच्या पिढीला तो पक्षी आपला वाटायला हवा होता, आणि ते काम वर्गात आणि गावच्या मोकळ्या जागेत झाले.

या दोन्ही ठिकाणांहून प्राथमिक शाळेने घेण्यासारखे आहे ते हे, की प्रत्येक गावाकडे त्याचे स्वतःचे असे काही असते. वेळासकडे कासव आहे म्हणून सोलापूरच्या माळावरच्या शाळेने कासवाचा प्रकल्प करायचा नाही. तिच्याजवळ धाविक आहे, चंडोल आहे, खोकड आहे, नशीब असेल तर लांडगा आहे. उजनीच्या फुगवट्यावरच्या शाळेकडे रोहित येतात. शहरातल्या शाळेकडे घार आहे, वटवाघूळ आहे आणि कुंपणाशी उगवलेल्या रुईवर बिबळ्या कडवा फुलपाखराची पट्टेदार अळी आहे. रुईचे एक झुडूप एका वर्गाला महिनाभर पुरते. मादी पानाखाली एकेक अंडे घालते, अळी रुईचे विषारी द्रव्य अंगात साठवते, त्यामुळे पक्षी अळीला आणि पुढे फुलपाखरालाही सहसा खात नाहीत. कोष, मग पंख. ‘फुलपाखराचे जीवनचक्र’ ही आकृती फळ्यावर काढण्यापेक्षा हे सोपे आहे, आणि त्यासाठी खर्च काही नाही. रुई हे तण म्हणून उपटू नका, एवढेच शाळा व्यवस्थापन समितीला सांगावे लागते. २०१५मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू जाहीर केले, असे करणारे ते देशातले पहिले राज्य. पण राज्याच्या मानचिन्हापर्यंत मुलाने पोहोचायचे ते कुंपणाच्या रुईवरून, कढीपत्त्यावरून आणि लिंबाच्या झाडावरून.

आता एका कठीण विषयाकडे येतो. वन्यजीवांविषयी शिकवणे म्हणजे सारे प्राणी आपले मित्र आहेत असे सांगणे नव्हे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. त्यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले. साप वाचवा असे ज्या मुलाला सांगायचे, ते मूल पावसाळ्यात जमिनीवर झोपते आणि अंधारात शेताकडे जाते. म्हणून नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप चित्रावरून नेमके ओळखणे, अंधारात विजेरी वापरणे, जमिनीवर मच्छरदाणी खोचून झोपणे, दंश झाल्यावर मांत्रिकाकडे न जाता लगेच आरोग्य केंद्र गाठणे आणि प्रतिविष हाच उपचार आहे हे ठाऊक असणे, हा संरक्षणाच्या शिक्षणाचा पहिला धडा आहे. मुलांनी साप पकडायचा नाही, पकडणाऱ्याजवळ गर्दीही करायची नाही. ज्याला विषारी कोण हे कळते, ते मूल धामण आणि दिवड दिसताच काठी शोधत नाही. श्रावणात नागपंचमी येते, तेव्हा साप दूध पीत नाही हे सांगण्याची संधी आयती मिळते.

बिबट्याचेही तसेच. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात, जिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा उसाच्या, शेतीच्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण पाच प्रौढ बिबटे आणि तेवढीच तरसे आढळली. जंगलातले बिबटे वाट चुकून गावात येतात, हा समज त्यातून खोटा ठरला. ते तिथेच राहतात, ऊस ही त्यांची लपण आहे आणि गावातली कुत्री हे त्यांचे मोठे भक्ष्य. त्यांना पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट हल्ले वाढू शकतात, हेही जुन्नर भागातल्या अनुभवाच्या अभ्यासातून पुढे आले. या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुले गेली आहेत. तिथल्या बाईंना वर्गात बिबट्याचे कौतुक करायला सांगणे क्रूरपणाचे ठरेल. त्यांनी शिकवायचे ते असे : पहाटे-संध्याकाळी एकट्याने जायचे नाही, घोळक्याने आणि मोठ्याने बोलत चालायचे, उसाच्या कडेला खाली वाकून खेळत बसायचे नाही, खरकटे उघड्यावर टाकायचे नाही कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. याच भागात वाघोबाची ठाणी आहेत. वाघाशी शेजार करण्याची रीत आपल्या पूर्वजांनी देवाच्या रूपात घालून दिली होती. तो शेजार नियमांवर चालतो, हे मुलांना कळणे म्हणजेच सहजीवनाचे शिक्षण. भीती खरी असेल तर तिला जागा द्यावी आणि तिच्या शेजारी माहिती ठेवावी. माहिती मिळालेली भीती सावधपणात बदलते. दडपलेली भीती जाळपोळीत आणि विषप्रयोगात.

चांगल्या हेतूने नुकसानही होते. म्हणून या पुस्तकात प्रत्येक उपक्रमाखाली ‘हे करू नका’ असा भाग आहे. काही गोष्टी इथेच सांगून ठेवतो. माळरान हे ओसाड रान नव्हे. तिथे खड्डे खणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली तर गवतावर जगणारे पक्षी, ससे, खोकड यांचे घर जाते, आणि मेंढपाळांची चराईही जाते. रोप लावायचेच असेल तर त्या जागेवर पूर्वी काय होते, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लावावे. चिमणीसाठी लाकडी घरटे टांगताना त्याचे भोक साधारण सव्वा इंचाचे असावे, ते सावलीत आणि मांजर पोहोचणार नाही असे टांगावे. पण तेवढ्याने चिमण्या टिकत नाहीत. मोठी चिमणी दाणे खाते, पिल्लांना मात्र अळ्या आणि कीटक भरवते. आवारात देशी झुडपे नसतील आणि परसबागेत कीटकनाशक मारले जात असेल, तर घरटे मिळूनही पिल्ले उपाशी राहतात. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि रोज घासून भरावे. न घासलेले भांडे रोग पसरवते आणि डास वाढवते. घरट्यातून पडलेले पिल्लू घरी नेऊ नये, जवळच्या फांदीवर सुरक्षित ठेवून दूर व्हावे, बहुतेकदा आई-बाप त्याला भरवतात. पोपट पिंजऱ्यात पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, हे घरोघरी पोहोचवण्याचे काम मुलांइतके कुणीच करू शकत नाही. संक्रांतीनंतर झाडांना आणि तारांना अडकलेला मांजा पक्ष्यांचे पंख आणि गळे कापत राहतो. जमिनीवरचा मांजा मुलांनी गोळा करावा, उंचावरचा मोठ्यांनी काढावा. अशा एका दुपारच्या कामाने किती जीव वाचतील हे मोजता येत नाही, पण ते वाचतात यात शंका नाही.

पुस्तकाची मांडणी शालेय वर्षाप्रमाणे, जून ते एप्रिल अशी आहे. प्रत्येक महिन्यात तीन स्तरांवर काम दिले आहे. पहिली-दुसरीच्या मुलांनी बघायचे, आवाज ऐकायचा आणि चित्र काढायचे. तिसरी-चौथीने मोजायचे आणि तारीख घालून लिहायचे. पाचवीने तुलना करायची : गेल्या वर्षी परीट पक्षी शाळेच्या मैदानावर कोणत्या तारखेला पहिल्यांदा दिसला, यंदा केव्हा, फरक का पडला असेल? द्विशिक्षकी शाळेत एकाच गुरुजींसमोर दोन-तीन इयत्ता बसतात. तिथे हे तिन्ही स्तर एकाच झाडाखाली एकाच वेळी चालू शकतात, मोठी मुले धाकट्यांना दाखवतात. यासाठी वेगळा तास लागत नाही. सकाळच्या परिपाठात सुविचार आणि दिनविशेष यांच्याबरोबर ‘आजची नोंद’ वाचायला दोन मिनिटे पुरतात. त्यात भाषा आहे, गणित आहे, नकाशा आहे. नोव्हेंबरच्या प्रकरणाला ५ ते १२ तारखांचा पक्षी सप्ताह जोडला आहे. तो मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होतो आणि सालिम अलींच्या जन्मदिवशी संपतो. वनाधिकारी म्हणून रानात हयात काढून चितमपल्लींनी मराठीत पक्ष्यांचे शब्दभांडार उभे केले. सालिम अलींना लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावरचा पिवळा डाग वेगळा वाटला, म्हणून ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला गेले, आणि तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्यांना संग्रहालयाची दारे उघडून दिली. एका मुलाच्या प्रश्नाला एका मोठ्या माणसाने नीट उत्तर दिले, त्याचे देशावर केवढे उपकार झाले! आपल्या वर्गातही असा प्रश्न कोणत्याही सकाळी येऊ शकतो.

अनेक शाळांत असे दिसते की वाचनात मागे पडणारे मूल शिवारात सर्वांच्या पुढे असते. मेंढ्यांमागे फिरणाऱ्याला लांडग्याचा माग कळतो, खाडीवरच्या पोराला भरती-ओहोटी आणि खेकड्याची बिळे कळतात, कातकरी, कोरकू, माडिया घरांतून आलेल्या मुलांना रानभाज्या आणि कंद आजीकडून माहीत असतात. त्यांनी सांगितलेले नाव वहीत पहिले लिहावे, पुस्तकातले नाव त्यापुढे. ज्या मुलाला वर्गात कधी हात वर करता आला नाही, त्याला इथे शिकवायला मिळते. माझ्या मते या साऱ्या कामाचे हे सर्वांत मोठे फळ आहे, आणि वन्यजीवांच्या दृष्टीनेही ते कमी मोलाचे नाही. उद्या या शिवारात राहणार आहेत, शेती करणार आहेत, ग्रामपंचायतीत बसणार आहेत ती हीच मुले.

शिक्षकांवरचे ओझे मला माहीत आहे. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामे यांतून वेळ काढायचा आहे. म्हणून या पुस्तकातले सारे उपक्रम कुणी करावेत अशी अपेक्षा नाही. एक झाड, एक पाणवठा किंवा एका विहिरीवरचे खोपे, यांतले एक निवडा आणि तेवढेच नेमाने करा. मात्र एक आग्रह आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षकांच्या बदल्या होतात आणि चांगला उपक्रम बहुधा त्या शिक्षकाबरोबर निघून जातो. नवे गुरुजी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि दहा वर्षांत शाळेकडे दहा आरंभ साठतात, एकही माहिती साठत नाही. मुख्याध्यापक बदलतात तेव्हा जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, जडवस्तू संग्रह नोंदवही यांचा पदभार यादी करून दिला-घेतला जातो. त्या यादीत शिवाराची नोंदवही घाला. तिला अनुक्रमांक द्या, पहिल्या पानावर गावाचा नकाशा काढा, प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्या मुलाचे नाव आणि इयत्ता लिहा. पदभार घेणाऱ्याने त्यावर सही करावी आणि त्याच आठवड्यात मुलांबरोबर जाऊन पुढची नोंद लिहावी.